खिचडी कोणी शिजवायची: एका जिल्हा परिषद शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका गावातली पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा. पट ८४, चार शिक्षक आणि मुख्याध्यापिका. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे बदलले आहेत. मी तेव्हा केंद्रप्रमुख म्हणून त्या भागातल्या शाळांवर देखरेख करत होतो, त्यामुळे काही गोष्टी स्वतः पाहिल्या, बाकीच्या मुख्याध्यापिकांकडून आणि स्वयंपाक करणाऱ्या दोघींकडून ऐकल्या.

शालेय पोषण आहार योजनेत मुलांना दुपारचं शिजवलेलं जेवण शाळेतच मिळतं. कोरोनाच्या काळात त्याऐवजी कोरडा शिधा वाटला जात होता. २०२२मध्ये शिजवलेलं अन्न पुन्हा सुरू झालं. पट २६ ते १०० असेल तर शाळेला दोन स्वयंपाकी-मदतनीस मिळतात. या शाळेतल्या दोघींपैकी एक मधल्या काळात मुलाकडे पुण्याला निघून गेल्या होत्या. राहिलेल्या काकू गावातल्या मोठ्या भावकीतल्या, बारा-तेरा वर्षं शाळेची चूल सांभाळणाऱ्या. रिकाम्या जागेसाठी चार अर्ज आले. मानधन तेव्हा महिना दीड हजार होतं, २०२३मध्ये ते अडीच हजार झालं. दीड हजारासाठी चार अर्ज येतात, यावरून गावातल्या बायकांच्या हाताला काम किती आहे ते कळतं.

चारांपैकी एक अर्ज मातंग समाजातल्या ताईंचा होता. नवरा ऊसतोडीला जाऊन जायबंदी झालेला, मुलगी याच शाळेत चौथीत. मुख्याध्यापिकांनी शाळा व्यवस्थापन समितीसमोर नियम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला शाळांतून शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, आणि २० एप्रिल २००४च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावं असं म्हटलं. समितीने ताईंची निवड केली. बैठकीला जेमतेम गणपूर्तीपुरती माणसं होती आणि ठराव दहा मिनिटांत झाला. ही दहा मिनिटं पुढे महागात पडली.

अडचण

जूनच्या मध्याला शाळा भरली. पहिला आठवडा कोणाच्या काही लक्षात आलं नाही. नवं वर्ष, हजेरी कमी, पेरणीची धांदल. मग हळूहळू दिसू लागलं की मुलं शाळेत येतात, पण जेवायला बसत नाहीत. मोठ्या घरची मुलं डबा आणू लागली. काही जण मधल्या सुट्टीत घरी पळायची. ज्यांच्या आया सकाळी आठलाच खुरपणीला जात, त्यांच्या घरी कुलूप असायचं. ती पोरं हापशावर पाणी पिऊन पटांगणात हिंडायची. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळाचं, ४५० उष्मांकांचं आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं जेवण मिळावं असं योजना सांगते. या पोरांच्या पोटात दुपारी काहीच जात नव्हतं.

कोणीही जातीचं नाव काढलं नाही. एका घरी म्हणाले, पोराला मटकी पचत नाही. दुसऱ्या घरी सासूबाईंचा सोमवार होता, तिसऱ्या घरी आषाढ महिना. सगळ्यांत जास्त ऐकू आला तो शब्द म्हणजे स्वच्छता. ‘नव्या बाई हात धुतात का, बघा जरा मॅडम.’

शाळेतही वाटणी झाली होती. काकू फोडणी देत, वाढत. ताई लाकडं आणत, तांदूळ निवडत, भांडी घासत. हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी काकूंनी पातेल्याजवळची जागा धरली आणि ताई उंबऱ्याशी बसल्या. तरीही मुलं जेवत नव्हती, कारण तांदूळ ताईंच्या हातून गेलेला होता.

२६ जूनला शाहू महाराजांची जयंती. त्या वर्षी ती रविवारी आली, तरी कार्यक्रम झाला. सहावीतल्या एका मुलीने गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगारामना महाराजांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढून दिलं, आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत, बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. मुलगी छान बोलली. सोमवारी तीच मुलगी वर्गात डबा उघडून बसली होती. मला त्या मुलीचा राग आला नाही. तिला घरून जे सांगितलं होतं ते ती करत होती, आणि शाळेने जे शिकवलं होतं तेही तिने मन लावून केलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच मुलीकडून करून घेणारे आपण मोठे आहोत.

पहिला निर्णय: खरा आकडा

किती मुलं जेवली हे शाळेला रोज ऑनलाइन कळवावं लागतं. शिक्षकांनी सुचवलं की हजेरीएवढी संख्या भरून टाकू, चार दिवसांत सगळं थंड होईल. असं अनेक ठिकाणी केलं जातं, आणि त्यामागे चोरीच असते असंही नाही. चौकशीचा ससेमिरा नको असतो.

मुख्याध्यापिकांनी खरा आकडा भरला. हजर ७९, जेवले २३. दुसऱ्या दिवशी २१. तिसऱ्या दिवशी मला तालुक्यावरून फोन आला, आणि मी शाळेवर गेलो.

संपूर्ण प्रकरणात हा निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात भाषण नव्हतं, गावाशी वाद नव्हता. पण आकडा खोटा भरला असता तर कागदोपत्री काही घडलंच नसतं. ताई उंबऱ्याशीच बसून राहिल्या असत्या, आणि शिल्लक तांदळाचा हिशेब जुळवताना मुख्याध्यापिका स्वतःच अडकल्या असत्या.

समोर असलेले पर्याय

सरपंचांनी आणि दोन शिक्षकांनी मांडलेला पर्याय असा: ताईंना कामावरून काढू नका, मानधन पूर्ण द्या, फक्त त्यांच्याकडे झाडलोट आणि भांडी ठेवा. तांदळाला, पाण्याला त्यांनी हात लावायचा नाही. मांडणाऱ्यांना हा मनापासून मधला मार्ग वाटत होता. कोणाचं पोट मारलं जात नव्हतं, मुलं जेवायला बसली असती. मुख्याध्यापिका दोन दिवस या पर्यायाजवळ घुटमळल्या, हे त्यांनीच मला सांगितलं. नकार दिला तो या कारणाने की, हे लेखी द्यायची वेळ आली तर कारण काय लिहायचं? ‘या बाईंनी तांदळाला हात लावू नये’ या वाक्यापुढे कारणाच्या रकान्यात जे लिहावं लागलं असतं, ते लिहायला कोणीच तयार नव्हतं.

दुसरा पर्याय थेट पोलिसांत जायचा. कायदा भक्कम आहे. अस्पृश्यता राज्यघटनेच्या कलम १७ने रद्द झाली, १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यात २०१५च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कारही गुन्ह्यात आला. पण तक्रार कोणावर करायची? ‘माझ्या पोराला मटकी पचत नाही’ म्हणणाऱ्या आईवर? शिवाय गुन्हा दाखल झाल्यावर गावात राहायचं होतं ते ताईंना. मुख्याध्यापिकांची बदली होऊ शकत होती, ताईंची नाही. हा पर्याय सोडून दिला नाही, राखून ठेवला.

तिसरा पर्याय म्हणजे पालक सभा आणि समतेवर व्याख्यान. त्यावर फार वेळ गेला नाही. ज्यांच्यासाठी व्याख्यान, ते येणार नव्हते.

चौथा पर्याय खुद्द ताईंनी पुढे आणला.

कपाट

स्वच्छतेच्या तक्रारीवर उत्तर म्हणून मुख्याध्यापिकांनी सुरुवातीला ताईंना प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासणीचा दाखला आणायला सांगितलं होतं. ताईंनी तो आणला. तो घेऊन मुख्याध्यापिका चार घरी जाऊन आल्या, आणि कोणावरही काही परिणाम झाला नाही. दाखला फक्त ताईंकडून मागितला गेला होता. काकूंना कोणी विचारलंही नव्हतं. गावाने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला: शाळेलाही शंका आहे.

मी गेलो त्या दिवशी आम्ही ताईंना कार्यालयात बोलावलं. मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय व्हावंसं वाटतं? त्या बराच वेळ दारातच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “गावाचं ऱ्हाऊ द्या सर. लेकरांचंबी ऱ्हाऊ द्या. ह्या कपाटात बघा, माझा कप कुठंय.”

कपाट मुख्याध्यापिकांनी उघडलं. वरच्या फळीवर चिनी मातीचे सहा कप, बशांसह. खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटाबाहेर, एक प्लास्टिकचा कप पालथा घातलेला. काकूंना चहा वरच्या कपातून मिळत होता. ताईंना प्लास्टिकच्या. चहा करणाऱ्या शिक्षिकेला विचारलं तर तिला खरंच आठवेना की हे कधी सुरू झालं. कप कमी होते, म्हणून एक घरून आणला, आणि तो ताईंचा झाला. सहा कप, माणसं सात. सातवा कप कोणाच्या वाट्याला जाणार हे कोणी बोलून ठरवलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या गावात घरोघर जाऊन जे समजावत होत्या, ते त्यांच्या टेबलापासून पाच फुटांवर चाललं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून स्टीलचे आठ सारखे पेले आले. माफीचं नाट्य झालं नाही, आणि ते बरं झालं. ताईंना चारचौघांत रडवून कोणाचंच भलं होणार नव्हतं.

काय केलं

इथून कामाचा क्रम उलटला. आधी शाळा, मग गाव.

योजनेचा एक जुना नियम आहे: मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी अन्नाची चव घ्यायची आणि नोंदवहीत सही करायची. वहीत सह्या रोजच्या होत्या. चव कोणी घेत नव्हतं. चारही शिक्षक डबा आणत, आणि वर्ग बंद करून खात. मुख्याध्यापिकांनी पाळ्या लावल्या. रोज एक शिक्षक आणि समितीतला एक पालक पटांगणात, मुलांसमोर, ताटात घेऊन जेवणार आणि मग सही करणार. एका शिक्षकांनी पोटाचं कारण सांगितलं. त्यांना सांगण्यात आलं की डॉक्टरांचं लेखी आणा, तोवर तुमची पाळी तुमचीच. लेखी आलं नाही. पाळीच्या दिवशी ते जेवले.

दुसरं, कामाची वाटणी. एक आठवडा काकू शिजवतील आणि ताई वाढतील, पुढच्या आठवड्यात उलट. हे स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलं. काकू बिथरल्या. त्यांच्यावर दोन्हीकडून दाब होता. दिरांनी बजावलं होतं की तिच्यासोबत पातेल्याला हात लावशील तर घरच्या देवाजवळ येऊ नको. मुख्याध्यापिका काकूंच्या घरी गेल्या, पण दिरांशी बोलायला नाही, काकूंशी. बारा-तेरा वर्षांचं काम आणि आपला मान या दोन्ही गोष्टी जातील अशी भीती काकूंना होती. त्यांना सांगितलं की करार दोघींचाही चालू राहील, आणि वाटणी दोघींनाही सारखी लागू आहे. काकू चार दिवस आल्या नाहीत. ते चार दिवस ताईंनी एकटीने शिजवलं. पाचव्या दिवशी काकू आल्या आणि काही न बोलता कांदा चिरायला बसल्या.

तिसरं, घरभेटी. पण या वेळी सगळ्या घरी नाही. मुख्याध्यापिका हजेरीपट घेऊन बसल्या आणि ज्यांच्या आया मजुरीला जातात अशी घरं वेगळी काढली. त्यात मोठ्या भावकीतलीही घरं होती, जमीन गेलेली, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी. या बायकांशी त्या संध्याकाळी बोलल्या. समतेचा विषयही काढला नाही. एवढंच सांगितलं की तुमचं पोर दुपारी उपाशी असतं, मी रोज बघते. बहुतेकींना हे माहीतच नव्हतं. पोरं घरी सांगत की जेवलो. एका आईने दुसऱ्याच दिवशी मुलाला ताट घेऊन पाठवलं. भेदभावाचा भार त्याच भावकीतल्या सगळ्यांत गरीब पोरांवर पडत होता. डबा घेऊन येणाऱ्या घरांना तो फुकट होता.

बैठक

जुलैअखेर समितीची बैठक झाली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. महिला सदस्यांच्या जागी नवरे सही करून जात. मुख्याध्यापिकांनी सांगितलं, सदस्य स्वतः आल्या तरच बैठक. ती तारीख दोनदा पुढे गेली, पण बायका आल्या.

एका सदस्याने सुरुवात केली, “आमचा जातीला विरोध नाही. प्रश्न स्वच्छतेचा आहे.”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मग लेखी द्या भाऊ. कुठल्या तारखेला, काय आढळलं. मी चौकशी करते. पण चौकशी दोघींच्याही कामाची होईल.”

कोणी लेखी दिलं नाही. मग त्यांनी २००४चा आदेश वाचून दाखवला आणि आवाज न चढवता सांगितलं की कामाची वाटणी बदलणार नाही, आणि ती बदलावी असा दबाव आला तर मला तो वर लेखी कळवावा लागेल, कारण न कळवणं हा माझा गुन्हा ठरू शकतो. ही गोष्ट त्यांनी धमकीसारखी मांडली नाही. स्वतःवरचं बंधन म्हणून मांडली, आणि ती तशीच होती.

एक जण उठून म्हणाले, आम्ही पोरांचे दाखले काढून नेतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, अर्ज द्या, नियमाप्रमाणे दाखला मिळेल. मला वाटतं ही बैठकीतली सगळ्यांत अवघड घडी होती. पट घटला की शिक्षकाचं पद जातं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दाखल्याचं हत्यार त्यासाठीच उपसलं होतं.

तेव्हा महिला सदस्यांपैकी एक बोलल्या. त्यांचा मुलगा आधीच जेवू लागला होता. “माझं लेकरू जेवतंय. त्याला काय झालं? तुमी दाखले काढा, मी न्हाई काढत.” एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्यानंतर दाखल्याचा विषय त्या खोलीत कोणी काढला नाही.

निष्पत्ती

ऑगस्टअखेर जेवणारी मुलं पन्नाशीच्या पुढे गेली, दिवाळीनंतर साठच्या आसपास स्थिरावली. सहा मुलांचे दाखले गेले, सगळी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. त्यातली काही एरवीही गेली असती. दहा-बारा मुलं वर्षअखेरीपर्यंत डबाच आणत राहिली. ती सहावीतली मुलगी त्यांत होती.

शिक्षकांपैकी एकाने बदली मागून घेतली. काकू आणि ताई पुढच्या करारातही राहिल्या. दोघी आता एकमेकींच्या घरी जातात असं काही झालेलं नाही. काकू अजूनही घरी गेल्यावर अंघोळ करून मगच देवाजवळ जातात, हे त्यांनीच मला सांगितलं. पण शाळेच्या चुलीवर मीठ किती घालायचं यावरून त्यांची ताईंशी मोकळेपणाने भांडणं होतात. बरोबरीच्या माणसाशीच माणूस असं भांडतो, म्हणून मला ती भांडणं ऐकून बरं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

नेमणुकीची बैठक भरगच्च घ्यायला हवी होती. नियम आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर घाईत ठराव उरकायचा मोह होतो. विरोध असता तर तो मे महिन्यात, खोलीत, नावासकट समोर आला असता. तो जूनमध्ये पोरांच्या ताटात आला, आणि ‘आम्हाला विचारलंच नाही’ ही ढालही लोकांना आयती मिळाली.

आरोग्य दाखला मागायचाच होता तर दोघींकडून, वर्षाच्या सुरुवातीला, नियमित काम म्हणून मागायला हवा होता. संशय घेणाऱ्यांचं समाधान करण्यासाठी संशयिताकडून पुरावा घेतला की संशय वाढतो. हे मी इतरही शाळांत पाहिलं आहे.

ताईंना पहिल्या आठवड्यातच विचारायला हवं होतं. त्यांच्याबद्दल शिक्षक, सरपंच, समिती, मी, सगळे बोलत होतो. त्यांनी तोंड उघडल्यावर चार वाक्यांत प्रकरणाची दिशा बदलली.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ताईंच्या मुलीची. चौथीतल्या या मुलीने जूनपासून शाळेत जेवणं सोडलं होतं. ओळीत उभी राहिली की पोरं मागे सरकत, म्हणून ती वर्गातच बसून राही. आकड्यांत ती ‘न जेवलेल्या’ मुलांत मोजली जात होती, बहिष्कार घालणाऱ्यांच्या पोरांसोबत. ही गोष्ट सप्टेंबरमध्ये कळली, तीही तिच्या वर्गशिक्षिकेला तिचं वजन कमी झालेलं दिसलं म्हणून. तिच्या आईला न्याय मिळावा म्हणून दोन महिने धडपड चालली होती, आणि त्या धडपडीत तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षापासून या शाळेत दोन बदल झाले. करारपत्रातच आलटून-पालटून शिजवण्याची अट घातली गेली, म्हणजे ती मुख्याध्यापक बदलले तरी राहील. आणि जेवणाऱ्यांच्या आकड्यासोबत वर्गशिक्षक न जेवलेल्या मुलांची नावंही लिहू लागले, प्रत्येक नावापुढे मुलाने स्वतः सांगितलेलं कारण. ती वही मुख्याध्यापिका दर शनिवारी वाचतात.